प्रजननसंस्था : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात स्त्री आणि पुरुष प्रजननसंस्थेच्या आकृत्या आहेत. अनेक वर्गांत तो धडा 'घरी वाचून या' एवढ्यावर संपतो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि हा धडा मुलामुलींना एकत्र बसवून, फळ्यावर आकृती काढून शिकवते. तास संपला की टेबलावर एक रिकामा डबा ठेवते. त्यात चिठ्ठ्या पडतात. काहींची घडी घालून घालून शेंगदाण्याएवढी गोळी केलेली असते. आता पालकही फोनवर विचारतात, जुन्या विद्यार्थिनी लग्नानंतर विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली दिले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

१. प्रजननसंस्था म्हणजे फक्त मूल होण्याचे अवयव का?

नाही. पुरुषाचे वृषण (बोलीत गोट्या) आणि स्त्रीचे अंडाशय यांना दोन कामं असतात. एक म्हणजे बीज तयार करणं. दुसरं म्हणजे संप्रेरकं रक्तात सोडणं. वृषणातून टेस्टोस्टेरॉन, तर अंडाशयातून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. आवाज फुटणं, दाढी, छाती भरणं, हाडांची मजबुती हे सगळं या संप्रेरकांशी जोडलेलं आहे. म्हणून मूल नको असलेल्या किंवा मुलं मोठी झालेल्या माणसालाही हे अवयव 'आता निरुपयोगी' म्हणता येत नाहीत (प्रश्न १४ पाहा).

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांची ही इंद्रियं सारखीच दिसतात. पुढे वाय गुणसूत्रावरचं एक जनुक काम करू लागलं की त्याच कच्च्या ग्रंथीचे वृषण होतात, नाहीतर अंडाशय.

२. वृषण शरीराबाहेर का असतात? माझा एक खाली लोंबतो, काही आजार आहे का?

पोटातली उष्णता शुक्राणू तयार व्हायला जास्त पडते. वृषणकोशात तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी राहतं. थंडीत तो आक्रसून अंगाशी येतो, उन्हाळ्यात सैल पडतो. ते अंतर राखण्याचं काम स्नायू आपोआप करतात. एक वृषण, बहुधा डावा, थोडा खाली असणं अगदी सर्वसाधारण आहे. काळजी करायची ती एखादा कडक गोळा हाताला लागला, एक बाजू नव्याने सुजली किंवा अचानक दुखू लागली तर (प्रश्न १३ पाहा).

३. वीर्य आणि शुक्राणू एकच ना?

एक नाही, आणि हा फरक कळला की पुढचे अनेक गैरसमज आपोआप सुटतात. शुक्राणू वृषणातल्या बारीक नलिकांत तयार होतात. त्याला सुमारे ७४ दिवस लागतात. (म्हणून मोठा ताप येऊन गेला की त्यानंतर दोन-तीन महिने शुक्राणूंची संख्या कमी दिसू शकते.) तिथून ते वृषणाच्या पाठीशी चिकटलेल्या अधिवृषणात जातात. ही एकच वेटोळी नळी. उलगडली तर सुमारे सहा मीटर, म्हणजे एका साडीपेक्षा थोडी जास्तच भरते. ती बोटाच्या दीड-दोन पेरांएवढ्या जागेत बसवलेली असते. वर्गात मी एकदा साडी आणून घडी घालत घालत हे दाखवलं होतं. मुठीत काही ती मावली नाही, पण मुद्दा पोचला. या नळीतून जाता जाता शुक्राणू पोहायला शिकतात.

तिथून शुक्रवाहिनी त्यांना पोटात नेते. वाटेत शुक्राशयाचा साखरयुक्त द्रव मिसळतो, मग पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा. हे सगळं मिळून वीर्य. एका वेळी ते दीड ते पाच मिलिलिटर, चमचाभरसुद्धा नसतं, आणि त्याचा बहुतांश भाग या ग्रंथींचा द्रव असतो. शुक्राणूंचा वाटा फारच थोडा. शुक्रवाहिनी शेवटी मूत्रमार्गाला मिळते. पुरुषात लघवी आणि वीर्य एकाच मार्गाने बाहेर येतात, पण वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाचं तोंड आवळलेलं असतं, त्यामुळे दोन्ही एकदम येत नाहीत.

४. झोपेत वीर्य जातं, लघवीतून 'धातू' जातो. यानं अशक्तपणा येतो का? रक्ताच्या शंभर थेंबांतून एक थेंब बनतो म्हणतात.

डब्यात सगळ्यात जास्त वेळा आलेली चिठ्ठी हीच. वीर्य रक्त आटवून बनत नाही. ते ग्रंथींचा द्रव आहे, लाळेसारखा सतत तयार होणारा. वयात येणाऱ्या मुलाला झोपेत स्खलन होणं निरोगी शरीराचं लक्षण आहे. त्याला 'दोष' हा शब्द चिकटवून आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना घाबरवलं. हस्तमैथुनानेही अशक्तपणा येत नाही, लिंग वाकडं होत नाही, पुढे मूल होण्यात अडचण येत नाही.

ही भीती इतकी खोल आहे की तिच्यापोटी थकवा, झोप न लागणं, उदासी येते. भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६०मध्ये तिला 'धात सिंड्रोम' असं नावच दिलं. म्हणजे त्रास खरा असतो, पण त्याचं मूळ वीर्यात नसून भीतीत असतं. भिंतीवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' जाहिरातींवर पैसे घालवू नका. लघवी सतत गढूळ येत असेल, जळजळ असेल तर साधी लघवी तपासणी करून घ्या.

५. बायकांची लघवी आणि पाळी एकाच जागेतून येते का?

नाही. तीन वेगळी द्वारं आहेत. पुढे मूत्रमार्गाचं बारीक छिद्र, मध्ये योनी, मागे गुदद्वार. पाळीचं रक्त योनीतून येतं, बाळही तिथूनच. चाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या आईने मला हा प्रश्न विचारलेला आहे आणि विचारताना तिचा आवाज बारीक झाला होता. तिची काहीच चूक नव्हती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. हे माहीत असणं उपयोगाचं आहे. शौचानंतर पुढून मागे धुवायचं ते यासाठीच, म्हणजे गुदद्वाराकडचे जंतू मूत्रमार्गात जात नाहीत.

योनी म्हणजे आतला सात ते दहा सेंटिमीटरचा ताणला जाणारा मार्ग. बाहेर दिसणाऱ्या भागाला भग म्हणतात. त्यात मोठे आणि लहान ओष्ठ असतात, त्यांचा आकार आणि रंग प्रत्येकीचा वेगळा. ओष्ठ जिथे पुढे मिळतात तिथे शिश्निका असते. तिचा दिसणारा भाग वाटाण्याएवढा, पण मुख्य भाग आत दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. गर्भात ज्या उतींपासून पुरुषाचं शिश्न बनतं त्यांपासूनच ही बनते आणि तिचं काम एकच, सुखाची संवेदना. ऑस्ट्रेलियातल्या मूत्रशल्यतज्ज्ञ हेलन ओकॉनेल यांनी १९९८मध्ये तिची पूर्ण रचना नीट मांडली. त्याआधीच्या कितीतरी वैद्यकीय पुस्तकांत ती अर्धवट तरी होती किंवा नव्हतीच.

६. पिशवी केवढी असते? माझी 'उलटी' आहे असं सोनोग्राफीत आलंय.

गर्भाशय, म्हणजे बोलीतली पिशवी, साधारण साडेसात सेंटिमीटर लांब असते. पेरू उलटा धरावा तसा आकार, वजन साधारण ६० ग्रॅम. बाळ पूर्ण वाढेपर्यंत तीच पिशवी बरगड्यांपर्यंत पोचते आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांत पुन्हा जवळपास मूळ आकाराला येते. वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून दहा-बारा सेंटिमीटरच्या अंडनलिका निघतात आणि त्यांच्या झालरीसारख्या टोकांजवळ बदामाएवढे अंडाशय असतात.

बहुतेकींची पिशवी पुढे, मूत्राशयावर झुकलेली असते. साधारण पाचातल्या एकीची मागे झुकलेली असते. रिपोर्टातला शब्द वाचून घरात रडारड होते, पण ती डावखुरं असण्यासारखी गोष्ट आहे. एवढ्याने मूल राहायला अडचण येत नाही.

७. पाळीत शरीरातलं घाण रक्त बाहेर पडतं ना?

त्यात घाण काही नाही. दर महिन्याला गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होतं, रक्तवाहिन्यांनी भरतं, गर्भ राहिला तर त्याला रुजायला जागा हवी म्हणून. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि ते अस्तर सुटून बाहेर येतं. एका पाळीत रक्त साधारण ३० ते ४० मिलिलिटर जातं. ८० च्या वर जाणं जास्त समजलं जातं. गाठी पडत असतील, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल तर 'माझ्या आईलाही असंच व्हायचं' म्हणून सोडू नका, हिमोग्लोबिन तपासा.

ज्या अस्तरात आपण प्रत्येकजण पहिले दिवस रुजलो, त्यालाच विटाळ म्हणून मुलीला बाजूला बसवतात. लोणचं नासणं, तुळस जळणं यांतलं काहीही होत नाही. मी स्वतः पाळीच्या दिवसांत लोणची घातली आहेत.

८. माझी पाळी २८ दिवसांची नाही. स्त्रीबीज चौदाव्याच दिवशी बाहेर पडतं का?

मोठ्या स्त्रीत २१ ते ३५ दिवसांचं चक्र सर्वसाधारण धरतात. पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षं ते ४५ दिवसांपर्यंतही लांबतं. चौदावा दिवस फक्त २८च्या चक्राला लागू होतो. नियम असा की *पुढच्या* पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी बीज सुटतं. म्हणजे ३५ दिवसांच्या चक्रात एकविसाव्या दिवसाच्या आसपास.

सुटलेलं स्त्रीबीज १२ ते २४ तासच टिकतं, पण शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून गर्भ राहण्याचा काळ बीज सुटण्याच्या पाचेक दिवस आधीच सुरू होतो. अनियमित पाळी असणाऱ्यांनी 'सुरक्षित दिवसां'च्या गणितावर विसंबू नये.

आणखी एक. मुलगी जन्मतः दहा ते वीस लाख अपक्व बीजं घेऊन येते, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आयुष्यभरात त्यातली चारशे-पाचशेच पक्व होऊन सुटतात. ती सरत आली की पाळी जाते, आपल्याकडे बहुधा पंचेचाळिशी-पन्नाशीच्या दरम्यान.

९. गर्भ पिशवीतच तयार होतो ना?

तयार अंडनलिकेत होतो, वाढतो पिशवीत. कोट्यवधी शुक्राणूंपैकी काहीशेच नलिकेपर्यंत पोचतात आणि एक स्त्रीबीजात शिरतो. फलित बीज विभागत विभागत गर्भाशयाकडे सरकतं आणि बीज सुटल्यापासून सहा ते दहा दिवसांत अस्तरात रुजतं. रुजल्यावर जे संप्रेरक तयार होतं तेच लघवीच्या पट्टीवर दुसरी रेघ दाखवतं.

कधी गर्भ नलिकेतच रुजतो. पट्टी होकार देते, पण एका बाजूला तीव्र दुखतं, चक्कर येते, खांदा दुखतो. नलिका फुटून आत रक्तस्राव होऊ शकतो, तिथे सकाळची वाट पाहायची नाही. आणि दोन्ही नलिका बंद असतील तर बीज आणि शुक्राणू यांची भेट शरीराबाहेर घडवता येते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या अशा प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मली.

१०. लग्नाला चार आठवडे झाले आणि सोनोग्राफीत सहा आठवड्यांचा गर्भ. हे कसं शक्य आहे?

पूर्णपणे शक्य आहे, आणि कृपा करून हे उत्तर घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा. डॉक्टर गर्भाचे दिवस शेवटच्या पाळीच्या *पहिल्या दिवसापासून* मोजतात, कारण गर्भ नेमका कधी राहिला ते कळत नाही, पाळीची तारीख मात्र सांगता येते. त्या हिशेबात पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच. २८० दिवस म्हणतात ते असे. प्रत्यक्ष गर्भाचं वय २६६.

समजा, पाळी १ तारखेला आली, लग्न १५ला झालं, त्याच दिवसांत गर्भ राहिला. पुढच्या महिन्यात १२-१३ तारखेला सोनोग्राफी केली तर रिपोर्ट 'सहा आठवडे' सांगणार. लग्नाला झालेले असतात चारच. या दोन आठवड्यांच्या फरकावरून सुनेवर संशय घेतला गेल्याचं मी जवळून पाहिलं आहे. ती मुलगी माहेरी येऊन बसली आणि तिच्या वडिलांनी मला फोन केला. मी त्यांना कॅलेंडर हातात घ्यायला लावून दिवस मोजायला सांगितले. नवरा गावाला गेला असल्याच्या तारखांचं भांडणही बहुतेक वेळा याच मोजणीतून निघतं.

११. मुलगा की मुलगी हे कोणामुळे ठरतं?

शुक्राणूमुळे. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्राणूंत काहींत एक्स, काहींत वाय. एक्सवाला पोचला तर मुलगी, वायवाला पोचला तर मुलगा. गुणसूत्रांवरून लिंग ठरतं हे नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने १९०५मध्ये पिठातल्या किड्यांवर अभ्यास करून दाखवलं. शंभर वर्षं उलटली तरी मुलगी झाली म्हणून बोल आईलाच लावतात. बापालाही लावायचं कारण नाही. कोणता शुक्राणू पोचेल हे त्याच्या हातात नाही. कुठलं औषध, तिथी, खाणं याने ते बदलत नाही. गर्भाचं लिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे. देशाचा कायदा १९९४चा, महाराष्ट्राने त्याआधी १९८८मध्येच केला होता.

१२. नसबंदीनंतर पुरुषाची ताकद जाते का? बाईचं ऑपरेशन झालं की पाळी थांबते का?

दोन्ही नाही. नसबंदीत फक्त शुक्रवाहिनी बांधून कापतात. वृषण, संप्रेरकं, ताठरता, सगळं तसंच राहतं. वीर्यही तेवढंच येतं. का ते प्रश्न ३ मध्ये आहे. एक काळजी मात्र घ्यायची. नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात, त्यामुळे तीन महिने दुसरं साधन वापरून मग वीर्य तपासून घ्यायचं. स्त्रीच्या ऑपरेशनमध्ये अंडनलिका बंद करतात, अंडाशय आणि गर्भाशय काम करत राहतात, पाळी येत राहते.

पुरुषाचं ऑपरेशन सोपं, टाकाही बहुधा लागत नाही, तरी आपल्याकडे जवळजवळ सगळा भार बायकांवर आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि पुढे मरेपर्यंत स्वतःच्या मासिकातून शरीराविषयी मोकळेपणाने लिहिलं, त्यासाठी खटले सोसले. एवढ्या जुन्या परंपरेच्या प्रदेशात 'ताकद जाते' हे अजून ऐकावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

१३. बाळाची एक गोटी हाताला लागत नाही. मोठेपणी उतरेल ना?

वृषण गर्भात मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्माआधी खाली उतरतात. पूर्ण दिवसांच्या बाळांतही काहींचा एक उतरलेला नसतो. पहिल्या सहा महिन्यांत उतरला तर ठीक, नाहीतर बालशल्यचिकित्सकाला दाखवा. ऑपरेशन दीड वर्षाच्या आत व्हावं. उशीर केला तर बीजनिर्मिती बिघडते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. कोमट पाण्यात अंघोळ घालताना दोन्ही लागतात, थंड हात लावला की वर पळतात, असं असेल तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही, पण एकदा खात्री करून घ्या.

यालाच जोडून मुलांसाठी. अचानक एका वृषणात भयंकर दुखलं, उलटी झाली, तर तो आतल्या आत पिळला गेलेला असू शकतो. सुमारे सहा तासांत सोडवला तर वाचतो. माझा नववीतला एक विद्यार्थी रात्रभर उशीत तोंड खुपसून पडून राहिला, कारण 'आईला कसं सांगू'. सकाळी ऑपरेशन झालं तेव्हा तो वृषण काढावा लागला. तेव्हापासून दर वर्षी पहिल्याच तासाला मी हे सांगते. पोटात दुखतंय म्हणता येतं, तसंच गोटी दुखतेय म्हणायचं, रात्री दोन वाजताही.

(एकच वृषण किंवा एकच अंडाशय असला तरी मूल होऊ शकतं. एका बाजूच्या नलिकेने दुसऱ्या बाजूचं बीज उचलल्याचीही उदाहरणं आहेत.)

१४. मुलं झाली, आता पिशवी काढून टाकली तर काय बिघडलं?

मोठे फायब्रॉइड (पिशवीतल्या कर्करोग नसलेल्या गाठी), कर्करोग, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव अशी कारणं असतील तर ऑपरेशन योग्यच. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, 'पुढे कॅन्सर होईल' एवढ्यावर पिशवी काढायची नसते. थोडं पांढरं जाणं नेहमीचं आहे. खाज, वास, दह्यासारखा किंवा हिरवट स्राव असेल तर तो संसर्ग, त्याला गोळ्या आहेत. पिशवीसोबत अंडाशयही काढले तर पाळी एका दिवसात जाते आणि इस्ट्रोजेनही. तिशी-पस्तिशीत असं झालं की हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, घामाचे लोट येतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं उदाहरण महाराष्ट्राने विसरू नये. २०१९मध्ये राज्य सरकारच्या समितीसाठी ८२,३०९ जणींची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. फडावर पाळीमुळे खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, संडास नाही, पाणी नाही, संसर्ग होतो आणि उपाय म्हणून पिशवीच काढली जाते. ऑपरेशन सुचवलं गेलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या आणि 'अंडाशय ठेवणार का?' हे आधी विचारा.

१५. पहिल्या रात्री रक्त आलं नाही. म्हणजे?

काहीच नाही. योनिपटल ही योनीच्या तोंडाशी असलेली लवचीक घडी आहे. ती सहसा झाकणासारखी बंद नसते, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर कसं आलं असतं? तिचा आकार प्रत्येकीचा वेगळा, अनेकींना कधीच रक्त येत नाही. कोणताही डॉक्टर तपासून 'संबंध आला की नाही' सांगू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२मध्ये बलात्कारपीडितेची 'दोन बोटांची चाचणी' करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरण्याचा आदेश दिला.

१६. मुलगी सोळा वर्षांची झाली, पाळीच आली नाही. पिशवीच नसते असं होतं का?

होतं. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा तेराव्यापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही, तर दाखवायला हवं. दर महिन्याला पोटात दुखतं पण रक्त येत नाही, अशा मुलीत कधी योनिपटल पूर्ण बंद असतं. छोट्या शस्त्रक्रियेने प्रश्न सुटतो. साधारण पाच हजारांत एका मुलीला जन्मतः गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग नसतो. अंडाशय उत्तम असतात, म्हणून बाकी वाढ अगदी नेहमीसारखी होते. काहींची पिशवी मध्ये पडदा असलेली किंवा चक्क दुहेरी असते आणि ते बहुधा सोनोग्राफीत कळतं. क्वचित एखाद्या मुलीची गुणसूत्रं एक्स-वाय निघतात, पण शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नाही, म्हणून ते मुलीचंच घडतं. तिला हे सांगताना आधी निवांत जागा आणि पुरेसा वेळ काढा. रिपोर्ट तिच्या हातात देऊन निघून जाऊ नका.

१७. बाळ जन्मलं, पण मुलगा की मुलगी ते कोणी नक्की सांगत नाही. नातेवाईक विचारतायत.

बाहेरचे अवयव कधी दोहोंच्या मधले दिसतात. प्रश्न १ मध्ये सांगितलं तसं दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणाहून होते. वाटेत संप्रेरकं कमी-जास्त झाली की असं घडतं. यात आईच्या गरोदरपणातल्या वागण्याचा, ग्रहणाचा संबंध नाही. घाई फक्त एका गोष्टीची आहे. अशा काही बाळांत अधिवृक्क ग्रंथीचा (मूत्रपिंडावर असलेल्या ग्रंथीचा) विकार असतो आणि शरीरातलं मीठ झपाट्याने कमी होऊन दुसऱ्या आठवड्यात बाळ दगावू शकतं. म्हणून सोडियम, पोटॅशियम आणि संप्रेरकांची तपासणी लगेच करून घ्या. दिसणं 'दुरुस्त' करण्याच्या शस्त्रक्रियेला मात्र कोणी घाई करायला लावत असेल तर थांबा. तमिळनाडू सरकारने २०१९मध्ये, जिवाला धोका नसेल तर, बाळांवर अशा शस्त्रक्रिया करायला बंदी घातली आहे. नातेवाइकांना 'बाळ बरं आहे, तपासण्या चालू आहेत' एवढं सांगा. बारसं बाराव्या दिवशी झालं नाही, दोन महिन्यांनी झालं, तरी चालतं.